ट्रॉली ‘तीन टनाची पाच टनाची’ करून देणाऱ्यापासून सावध

ट्रॅक्टरच्या ट्रॉलीची कपॅसिटी वाढवून देतो, तेही आरटीओच्या कागदासगट, असं कोणी म्हणत असेल तर इसार देण्याआधी हे वाचा. माझे ६२,००० रुपये गेले. त्यातले १८,००० नुसते ‘पासिंग’चे, म्हणजे आरटीओकडून मंजुरी आणून द्यायचे होते आणि पासिंग कधी झालंच नाही.

ट्रॉली कंपनीची, दोन चाकांची. आरसीवर, म्हणजे नोंदणीच्या कागदावर, रिकामं वजन १,४५० किलो, भारासह ४,४५० किलो. म्हणजे कायद्याने ३० क्विंटल माल. कापसाला हे पुरून उरतं, कारण वजन होण्याआधी डालाच (माल भरायचा वरचा भाग) भरतो. पण सोयाबीन, चना, तूर अशी पोती हिंगणघाटच्या मार्केटला न्यायची म्हटली की एक खेप जास्तीची पडते. डिझेल तेवढंच लागतं आणि बाजार समितीच्या गेटवर पुन्हा लाइनीत उभं राहावं लागतं. ही अडचण आमच्या भागातल्या प्रत्येक कास्तकाराला माहीत आहे, आणि त्या दुकानदारालाही ती चांगली माहीत होती.

तालुक्याच्या गावी त्याचं फॅब्रिकेशनचं दुकान आहे. प्रकरण ग्राहक आयोगात असल्यामुळे नाव लिहीत नाही. माणूस गोड बोलणारा. “भाऊ, तीन टनाची पाच टनाची करून देतो. पाटे वाढवतो, एक्सल हेवी टाकतो, हब बदलवतो, टायर सोळा प्लायचे. आरटीओचं सगळं मी पाह्यतो, तुमी टेन्शन घेऊ नोका.” पाटे म्हणजे एक्सलवरच्या स्प्रिंगच्या लोखंडी पट्ट्या, हब म्हणजे चाकाचा मधला बेअरिंगचा भाग, आणि प्लाय म्हणजे टायरचे थर. दुकानासमोर तशाच दोन ट्रॉल्या रंगवून उभ्या होत्या.

काम झाल्यावर ट्रॉली नव्यासारखी दिसत होती. फाळके, म्हणजे बाजूच्या फळ्या, फूटभर उंच, लाल रंग, मागे रेडियम. ड्रॉबारजवळच्या आडव्या चॅनलवर कंपनीची जुनी प्लेट होती, ती काढून त्याने रिबिट मारून नवी चकचकीत प्लेट बसवली होती. तिच्यावर चासी नंबर, रिकामं वजन १,४५० आणि एकूण भार ६,४५०. सोबत लॅमिनेशन केलेलं एक ‘तपासणी प्रमाणपत्र’, गोल शिक्का, खाली इंजिनिअरची सही. आरसीचं विचारलं तर म्हणाला, “ऑनलाइन चढलं हाय, कार्ड मागून येते.”

पुढे मार्केटला जाताना उजव्या चाकातून ग्रीस जळाल्याचा वास यायला लागला. हबला हात लावला तर चटका बसला. रस्त्यावरच्या एका मिस्त्रीकाकांनी जॅक लावून चाक उतरवलं, हब खोलला, बेअरिंग पुसून त्याच्यावरचा नंबर वाचला आणि माझ्याकडे पाहून म्हणाले, “भाऊ, हे तर कंपनीचंच बेरिंग हाय. मंग त्यानं बदलवलं काय?” मग ते एक्सलखाली सरकले. हेवी एक्सल म्हणून जे सांगितलं होतं तो जुनाच एक्सल होता, त्याला खालून पट्टी वेल्डिंग केलेली. स्क्रू ड्रायव्हरच्या टोकाने रंग खरवडला तर खाली पुट्टी, पुट्टीखाली गंज, आणि वेल्डिंगच्या कडेने केसासारखी बारीक चीर आडवी गेलेली. मिस्त्री म्हणाले, एक्सलच्या लोखंडाला अशी झाळ दिली की झाळीच्या शेजारी ते ठिसूळ होतं आणि मोडलं तर नेमकं तिथूनच मोडतं. वाढवलेले पाटे भंगारातल्या ट्रकचे निघाले. टायर रिमोल्ड होते, म्हणजे जुन्याच टायरवर नवं रबर चढवलेलं.

पाट्यांचा खेळ लक्षात घ्या, कारण सगळी फसवणूक त्यांच्यावर उभी आहे. पाटे वाढवले की भरलेली ट्रॉली बसत नाही, आणि मालकाला वाटतं ताकद वाढली. वाढतो फक्त ताठपणा. ट्रॉलीची खरी क्षमता तिच्या सगळ्यात कमजोर भागाएवढी असते, मग तो एक्सल असो, बेअरिंग असो, टायर असो की हुकाची पिन. आधी ट्रॉली खाली बसून सांगायची की माल जास्त झाला. आता तेही सांगत नाही. ब्रेकचं तर त्याने नावही काढलं नव्हतं. पंचेचाळीस एचपीचा ट्रॅक्टर स्वतः दोन टनांच्या आसपास भरतो. त्याच्यामागे साडेसहा टन लावून उतारावर ब्रेक दाबला तर ट्रॉली ट्रॅक्टरला ढकलत नेते आणि हुकापाशी आडवी होते.

माल दुसऱ्या गाडीत टाकून रिकामी ट्रॉली काट्यावर चढवली. १,६९० किलो भरली. त्याच्या लोखंडाने २४० किलो वाढवले होते आणि प्लेटवर मात्र जुनंच १,४५०. म्हणजे प्लेट लिहिताना त्याने ट्रॉली काट्यावर नेलीच नव्हती. आरसीवरचं एकूण वजन जर ४,४५० च असेल, तर आता मला कायद्याने २७ क्विंटल ६० किलोच नेता येणार. पैसे मोजून कपॅसिटी कमी करून घेतली असा हा हिशेब.

आरसी खरंच बदलली का, हे आरटीओत जाऊन विचारलं. नंबर टाकला, पडद्यावर ४,४५०. बदलासाठी अर्जसुद्धा आलेला नव्हता. तिथल्या साहेबांनी नीट समजावून सांगितलं. मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम ५२ म्हणतं की आरसीतली माहिती कंपनीने मुळात दिलेल्या माहितीशी जुळणार नाही असा बदल मालकाने करायचा नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच स्पष्ट केलं. ट्रॉलीचं मॉडेल आधी सरकारमान्य चाचणी संस्थेकडून पास व्हावं लागतं, जशी पुण्याची एआरएआय किंवा मध्य प्रदेशातल्या बुदनीची ट्रॅक्टर संस्था. एखाद्या इंजिनिअरच्या गोल शिक्क्याने एकूण भार वाढत नाही. जास्त माल न्यायचा तर त्या भाराची पास झालेली ट्रॉलीच घ्यावी लागते.

दंडही ऐकून घ्या. कलम १९४ खाली ओव्हरलोडला २०,००० रुपये, वर प्रत्येक जास्तीच्या टनाला २,०००, आणि जास्तीचा माल उतरवल्याशिवाय गाडी हलत नाही. बेकायदा बदलासाठी कलम १८२अ खाली मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. एक्सल तुटून कोणी दगावलं तर निष्काळजीपणाने मृत्यूचा गुन्हा, भारतीय न्याय संहितेचं कलम १०६, पाच वर्षांपर्यंत. विम्याचं विचारलं तर एजंट म्हणाला, आरसीवर नसलेला बदल सापडला की तुमच्या नुकसानीचा दावा तिथेच अडकतो. पॉलिसीच्या अटी मोडल्या असतील तर समोरच्याची भरपाई कंपनीने आधी द्यावी आणि मग मालकाकडून वसूल करावी, असेही कोर्टाचे निकाल आहेत. तेव्हा वावर विकायची पाळी येते.

हे सगळं आधी मालकाच्या अंगावर येतं, आणि दुकानदाराचा धंदा याच भरवशावर चालतो. मी परत गेलो तेव्हा त्याने आवाजही चढवला नाही. माझ्याच हातातली त्याच्या दुकानाची बिलाची चिठ्ठी मागितली आणि बोट ठेवून दाखवलं. कामाचा तपशील: ‘पाटे दुरुस्ती, वेल्डिंग व रंगकाम’. एक्सल नाही, हब नाही, पासिंग नाही. तळाशी बारीक अक्षरात, ‘काम मालकाच्या सांगण्यावरून केले, जबाबदारी मालकाची’, आणि त्याखाली माझी सही. वर म्हणतो, “भाऊ, प्लेट म्या नाई लावली. तुमी कुठून लावली मले काय माहीत?”

त्याचं दुर्दैव एवढंच की पैसे मी फोनवरून दिले होते आणि १८,००० पाठवताना मेसेजमध्ये ‘पासिंग’ लिहिलं होतं. त्यावर त्याने ‘ओके’ टाकलं होतं. दुसरं, शेजारच्या गावात एकाकडे त्याच्याच दुकानातली ट्रॉली आहे. त्याच्याकडच्या लॅमिनेशनच्या कागदावरचा प्रमाणपत्र क्रमांक आणि माझा क्रमांक एकच निघाला. दोघांनी मिळून पोलिसांत फसवणूक आणि बनावट कागदाची तक्रार दिली आहे. जिल्हा ग्राहक आयोगातही दावा टाकला. तिथे पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी लागत नाही, मुदत दोन वर्षांची असते, आणि स्वतःच्या पोटापाण्यासाठी वापरलेली ट्रॉली असेल तर कास्तकार ग्राहकच धरला जातो. सल्ल्यासाठी १९१५ हा हेल्पलाइन नंबर आहे.

ज्यांच्या ट्रॉलीला अशी नवी प्लेट आहे त्यांनी ती घाईने काढून फेकू नये. आधी प्लेटचा, रिबिटांचा आणि एक्सलच्या वेल्डिंगचा फोटो काढा, काट्याची पावती घ्या, मिस्त्रीने काढलेलं बेअरिंग जपून ठेवा. आणि त्या प्लेटच्या भरवशावर एक पोतंही जास्त भरू नका. माझ्या ट्रॉलीचा एक्सल सध्या उतरवलेला आहे. तो पुरावा म्हणून ठेवायला वकिलांनी सांगितलंय, म्हणून यंदाचा चना भाड्याच्या गाडीने जाणार.