कंडिशन्स डेटा: फाईल वाटायची की स्क्विड बसवायचा?

संस्थेच्या क्लस्टरवर सीएमएसचे (सर्नमधला कणभौतिकीचा प्रयोग) जॉब चालवायचेत आणि कंडिशन्स डेटा, म्हणजे डिटेक्टरच्या त्या-त्या वेळच्या कॅलिब्रेशन-अलाइनमेंटसारख्या नोंदी, कसा पुरवायचा हे ठरत नसेल, तर मार्ग दोनच. एसक्यूलाइट फाईल (एका फाईलीत मावणारा डेटाबेस) काढून नोडांवर, म्हणजे क्लस्टरमधल्या एकेका मशीनवर वाटा, नाहीतर फ्रंटियरकडून (डेटाबेसमधली माहिती एचटीटीपीवरून देणारी यंत्रणा) घ्या आणि मध्ये स्वतःचा स्क्विड (आलेली उत्तरं साठवून ठेवणारा प्रॉक्सी सर्व्हर) ठेवा. शेकडो जॉबनी थेट सर्नच्या ओरॅकल डेटाबेसवर जाऊन आदळायचं, ही वाट धरूच नका.

फाईलचा कारभार सुटसुटीत असतो. नेट गेलं तरी काम चालू. फक्त ती एनएफएसवर (नेटवर्कवरून सगळ्या नोडांना दिसणारी सामायिक डिस्क) ठेवू नका, लॉकिंगचा भरवसा नाही. ठरावीक कंडिशन्सवरच्या सिम्युलेशनला मी आजही फाईलच देतो.

खऱ्या डेटासाठी मात्र तिचा वीट आला, तो एकाच गोष्टीपायी. टॅगमधल्या (एका प्रकारच्या कंडिशन्सची यादी) नोंदीत ‘कुठल्या रनपासून’ (रन म्हणजे डेटा घेण्याचा एक सलग टप्पा) एवढंच असतं. शेवटची नोंद पुढे कायम लागू राहते. म्हणजे जुन्या फाईलवर नवा रन चालवला तरी एरर येत नाही, जुनं कॅलिब्रेशन किंवा अलाइनमेंट निमूट लागू होतं. आमच्याकडे दुरुस्तीहून परतलेल्या नोडांवर शिळी कॉपी राहून जायची. एकाच इव्हेंटचे दोन नोडांवर किंचित वेगळे आकडे, आणि लॉग दोन्हीकडे स्वच्छ! विद्यार्थी बिचारे स्वतःच्या कोडात चूक शोधत बसायचे. चेकसम तपासणारी स्क्रिप्ट लावता येते, आम्ही लावलीही. पण मग सुटसुटीतपणा कुठे उरला?

फ्रंटियर मूळचं फर्मीलॅबचं, सीडीएफ प्रयोगासाठी केलेलं. पुढे सीएमएस आणि सर्नमधलाच दुसरा प्रयोग ॲटलस, दोघांनी घेतलं. क्वेरी एचटीटीपीवरून जाते, म्हणून तिचं उत्तर स्क्विडला साठवता येतं. सोसायटीच्या टाकीसारखं: वरून पाणी एकदा येतं, मग सगळ्या घरांना तिथूनच. पेलोडची (प्रत्यक्ष कंडिशन्सचा मजकूर) ओळख त्याच्या हॅशवरून (मजकुरावरूनच काढलेला ठसा), तो बदलत नाही, म्हणून खुशाल कॅशमध्ये पडून राहतो. कुठला पेलोड कधीपासून, ती यादी तेवढी अधूनमधून ताजी होते. नोडोनोडी फिरणं संपलं.

कटकट इथेही आहे. स्क्विड पडला तरी जॉब मरत नाहीत, बाहेरच्या राखीव प्रॉक्सीकडे वळतात. आणि आपल्याला कळतं ते त्या प्रॉक्सीवाल्यांकडून मेल आल्यावर. म्हणून शक्य असेल तर दोन स्क्विड ठेवा.

तुमच्याकडे फक्त सिम्युलेशनच असेल, तर स्क्विडबद्दलचं माझं म्हणणं सोडून द्या. एरवी, सॉफ्टवेअर सीव्हीएमएफएसवरून (सर्नची, सॉफ्टवेअर नेटवरून पुरवणारी फाईल सिस्टिम) घेणार असाल तर क्लस्टरला स्क्विड तसाही लागतोच. तोच फ्रंटियरलाही चालतो.