कोरड्या ओढ्यासाठी पांढरे गोटे की काळा दगड?

बागेत कोरडा ओढा, म्हणजे दगडगोट्यांनी भरलेला, फक्त पावसात पाणी वाहणारा ओढ्यासारखा चर, करायचं ठरलं, उतार काढला, शेवटी शोषखड्डाही घेतला, की घोडं अडतं ते दगडावर. पोत्यात मिळणारे पांढरेशुभ्र मार्बलचे गोटे घ्यावेत, की आपल्या मातीतला काळा दगड? आमच्याकडे ओढ्याचा वरचा भाग पांढऱ्याचा आणि खालचा काळ्याचा असा काही वर्षं नांदला, म्हणून दोन्हींबद्दल सांगतो.

पहिल्या दिवशी पांढरा बाजी मारतो, यात वादच नाही. सावलीतला कोपरा त्यानं उजळतो, आणि संध्याकाळी तर तो फारच देखणा दिसतो. मे महिन्याच्या दुपारी मात्र त्याच्याकडे बघवत नाही. जपानमधल्या क्योतोच्या कोरड्या, म्हणजे पाण्याऐवजी रेती पसरलेल्या, बागांतली रेती फोटोत पांढरी वाटते खरी, पण तिथल्या शिराकावा नदीच्या त्या ग्रॅनाइटच्या रेतीत काळे-करडे कणही असतात, त्यामुळे ती डोळ्यांवर येत नाही. मार्बलचं तसं नाही.

तेही एक वेळ चाललं असतं. माझा निर्णय केला तो गुलमोहरानं. उन्हाळा लागला की त्याची बारीक पानं गळतात. एकेक पान सेंटिमीटरभराचंही नसतं, ते थेट गोट्यांच्या फटीत जाऊन बसतं. खराटा मारला तर पानांबरोबर गोटेही येतात, आणि हातानं वेचायचं म्हटलं तर दुपार जाते. वळवाची एक सर आली की तीच पानं भिजून रंग सोडतात आणि प्रत्येक गोट्यावर चहा सांडल्यासारखा डाग उमटतो. ॲसिडनं धुवावं, तर मार्बल म्हणजे मुळात चुनखडीच, त्याची झिलईच जाते. पुढे जूनमध्ये लाल माती आणि शेवाळ यांची भर पडते. गोटे घमेल्यात घेऊन घासताना माझी पाठ दरवर्षी भरून यायची.

खालच्या भागातही तीच पानं पडत होती. तिथं ती काळ्या दगडांच्या सांदीत कुजून माती होत आणि कुणाच्या नजरेलाही येत नसत. पावसाळ्यात दगडावर हिरवी लव चढते, ती तर मला आवडतेच. शेजारी लावलेल्या पाऊस लिलीचा गुलाबी रंगही काळ्यावर जास्त खुलतो.

काळ्यात खोट नाही असं नाही. उन्हात तो चांगलाच तापतो. मोठ्या दगडांखाली विंचू आसरा घेतात, म्हणून पोकळ्या खडीनं भरून घ्याव्यात आणि दगड उचलताना हात जपावा. खाणीतून नुकताच फुटून आलेला डबर धारदार असतो, लहान मुलं अनवाणी खेळत असतील तर तो नको. त्यापेक्षा शेतातून वेचून बांधावर टाकलेले, ऊनपाऊस खाल्लेले दगड शेतकऱ्याला विचारून आणावेत. त्यांच्या कडा बोथट झालेल्या असतात आणि अंगावर तपकिरी साय धरलेली असते. हिशेबही सोपा, कारण काळा माल ब्रासवर मिळतो, म्हणजे १०० घनफूट. पांढरा पोत्यावर घ्यावा लागतो आणि लांब ओढ्याला तो खिशाला जड जातो, असा माझा अनुभव.

छोटं फरसबंद अंगण, वर झाड नाही, माती उडत नाही, अशी जागा असेल तर पांढरा खुशाल घ्या, कदाचित तुम्हाला तोच शोभेल. पण ओढ्यावर गुलमोहर, चिंच किंवा आवळा झुकलेला असेल, तर मी काळाच घ्या म्हणेन. वळणांवर नऊ इंची दगड आणि मध्ये ४० मिलिमीटरची खडी मागवा, म्हणजे पहिल्या जोरदार पावसात काही वाहून जाणार नाही.