एचएफ संकरित गायीच्या पोटी गीर कालवडी : आयव्हीएफचा आमच्या गोठ्यावरचा अनुभव

फलटणजवळच्या आमच्या गोठ्यात सगळ्या गायी एचएफ (होल्स्टिन फ्रिजियन या विदेशी जातीच्या) संकरित. गीर घ्यायची इच्छा खूप वर्षांची होती, पण खात्रीच्या दुधाची गीर कोणी सहजासहजी विकत नाही आणि विकलीच तर किंमत आपल्याला झेपत नाही. म्हणून आमच्याच काही गायींमध्ये आयव्हीएफनं, म्हणजे प्रयोगशाळेत फलन करून तयार केलेले गीरचे भ्रूण ठेवून घेतले. त्या व्याल्या, वासरं आता चाऱ्या-खुराकावर आली आहेत.

बघायला येणारा प्रत्येक जण आधी हेच विचारतो, "म्हणजे निम्मी गीर, निम्मी एचएफ ना?" नाही. स्त्रीबीज गीर गायीचं, रेत गीर वळूचं, म्हणून वासरू पूर्ण गीर. आमच्या गायीनं पोटात वाढवलं, चीक पाजला, अंगावर पाजलं. रक्त तिचं नाही. कान, कपाळ बघून शंका राहिलीच तर डीएनए तपासणीत आईबाप कळतात.

दाता गाय दुसऱ्या फार्मवरची होती. सोनोग्राफीत बघत सुईनं तिच्या बीजकोशातली स्त्रीबीजं काढतात, प्रयोगशाळेत साधारण एक दिवस पक्व करतात, मग फलन. सातव्या दिवसापर्यंत भ्रूण ठेवण्याजोगा होतो. देशी गायींत एका वेळी विदेशी गायींपेक्षा बरीच जास्त स्त्रीबीजं मिळतात. आपल्या गुजरातेतून गेलेल्या गीरवर ब्राझीलमध्ये हे तंत्र एवढं पसरलं, त्यामागे हेही एक कारण. म्हशीत बीजं कमी मिळतात, तरी म्हशीचं जगातलं पहिलं आयव्हीएफ वासरू १९९० साली आपल्याच कर्नालच्या एनडीआरआयमध्ये (राष्ट्रीय दुग्ध संशोधन संस्थेत) जन्मलं, याचा मला फार अभिमान वाटतो.

सगळा अनुभव घेऊन माझं ठाम मत झालंय की यश पोट देणाऱ्या गायीवर ठरतं. सारखी उलटणारी (रेत भरूनही गाभण न राहणारी) गाय यासाठी देऊ नका. "नाहीतरी गाभण राहत नाही, भ्रूण ठेवून बघू" असं म्हणणारे बरेच भेटतात. तिथे पैसे जातात आणि चांगला भ्रूणही जातो. आम्ही दुसऱ्या-तिसऱ्या वेताच्या, मागच्या वेळी वार वेळेवर पडलेल्या, माजाचा सोट (माजावर येणारा चिकट स्राव) काचेसारखा स्वच्छ असलेल्या गायी निवडल्या. जंतनाशक आणि लाळ-खुरकुताची लस आधीच उरकली, खनिज मिश्रण एक दिवसही चुकवलं नाही. इंजेक्शन देऊन गायी एकाच सुमारास माजावर आणल्या. माजानंतर सातव्या दिवशी डॉक्टरांनी प्रत्येकीचा पीतपिंड (माजानंतर बीजकोशावर तयार होणारी, गर्भ टिकवणारी गाठ) तपासला आणि ज्या बाजूला तो होता त्याच बाजूच्या गर्भाशयाच्या शिंगात भ्रूण सोडला. पीतपिंड नीट नसलेल्या गायी त्यांनी सरळ बाजूला काढल्या. अशा वेळी "ठेवूनच टाका" असा आग्रह धरू नका.

सगळ्या गायी गाभण राहत नाहीत. ताज्या भ्रूणांवर शंभरात तीस-चाळीस गाभण राहणं ही सर्वसाधारण गोष्ट आहे, आणि आमच्याकडेही त्याच आसपास निकाल लागला. एक गाय महिन्याच्या सोनोग्राफीत गाभण होती, तिसऱ्या महिन्यात रिकामी निघाली. फार वाईट वाटलं. म्हणून व्यवहार ठरवतानाच विचारा, पैसे कितव्या दिवसाच्या तपासणीवर द्यायचे? राष्ट्रीय गोकुळ अभियानात खात्रीच्या गर्भधारणेमागे ५,००० रुपये अनुदानाची तरतूद आहे. आपल्या भागात ती चालू आहे का, हे पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारून घ्या.

विण्याची तारीख भ्रूण ठेवल्यापासून मोजू नका, माजाच्या दिवसापासून मोजा. शिवाय गीर वासरू एचएफपेक्षा काही दिवस जास्त पोटात राहतं, तेव्हा तारीख उलटली म्हणून घाबरू नये. वासरं अंगानं लहान असल्यानं आमच्या गायी सहज मोकळ्या झाल्या. लिंगनिश्चित रेतामुळे (कालवडीच व्हाव्यात म्हणून वेगळं काढलेल्या रेतामुळे) शंभरात नव्वद कालवडी होतात. तरी एक गोऱ्हा झालाच, तो मी सांभाळतेय.

तक्रार एकाच गोष्टीची. सुरुवातीला दाता गायीचा फोटो दाखवला आणि "वीस लिटरची आहे" असं तोंडी सांगितलं. एवढ्यावर विश्वास ठेवू नये. पूर्ण वेताची दूधनोंद, फॅट, कानातल्या बिल्ल्याचा बारा आकडी नंबर आणि वळूचा नंबर लेखी मागा. आम्हाला हे कागद मिळायला बराच पाठपुरावा करावा लागला. वेताच्या ऐन भरातलं एका दिवसाचं दूध आणि पूर्ण वेताचं दूध यात फार अंतर असतं, आणि त्या एका गायीचे गुणदोष आपल्या गोठ्यात एकदम कितीतरी वासरांत उतरणार असतात.

आमच्या कालवडी एकाच आईबापाच्या, म्हणजे सख्ख्या बहिणी. त्या माजावर येतील तेव्हा वेगळ्या रक्ताच्या वळूचं रेत लावायचं हे आत्ताच वहीत लिहून ठेवलंय. गोऱ्हाही त्यांच्यावर सोडणार नाही. दूध किती देतील ते पहिल्या वेतात कळेल. गीर पहिल्यांदा विते तीन वर्षांच्या पुढेच, तोवर दर महिन्याला छातीचा घेर मोजून वाढीची नोंद ठेवतेय.