खाते निवडण्याची यादी: पंचवटीतल्या दुकानातून चार महिन्यांचा अनुभव

पंचवटीत रामकुंडाकडे जाणाऱ्या रस्त्यावर आमचे पूजासाहित्याचे दुकान आहे आणि त्याचा जमाखर्च गेली अनेक वर्षे मीच लिहिते. २०१५ च्या सिंहस्थात तो सगळा लाल कापडी बांधणीच्या वहीत होता. २०२७ च्या सिंहस्थाची गर्दी सुरू होण्याआधी घर आणि दुकान असे दोन्ही हिशेब मोबाईलवर नीट बसवावेत, म्हणून चार महिन्यांपूर्वी मी एक जमाखर्चाचे ॲप घेतले. हे परीक्षण त्यातल्या एकाच सोयीचे आहे, संपूर्ण ॲपचे नाही, म्हणून त्याचे नाव देत नाही. नोंद करताना ‘कोणत्या खात्यातून’ या चौकटीवर बोट ठेवले की जी यादी उघडते, ज्याला ड्रॉपडाउन म्हणतात, ती दिवसातून तीस-चाळीस वेळा माझ्या हाताखालून जाते. तिथे एक बोट चुकले की महिनाअखेरीस एक नव्हे, दोन खात्यांचा ताळमेळ बिघडतो.

आमची खाती अकरा आहेत. दुकानाचा गल्ला आणि घरातली रोकड ही दोन रोखीची; बँक ऑफ महाराष्ट्रमधले दुकानाचे चालू खाते; बँक ऑफ बडोदामधले सासूबाईंच्या पेन्शनचे; सातपूरच्या कारखान्यात नोकरी करणाऱ्या यजमानांचे बँक ऑफ इंडियातले पगाराचे; माझे पोस्टातले बचत खाते; पतसंस्थेतली पिग्मी आणि मुदत संपलेली जुनी पिग्मी; घराचे कर्ज, क्रेडिट कार्ड आणि यूपीआय लाइट. यांतली तीन नावे ‘बँक ऑफ’ने सुरू होतात, हे पुन्हा एकदा वाचावे, कारण पहिल्या महिन्यातला घोटाळा तिथेच झाला.

त्या वेळच्या आवृत्तीत यादीतली प्रत्येक ओळ अरुंद होती आणि नाव मावले नाही की शेवटून कापले जाई. पडद्यावर एकाखाली एक तीन वेळा ‘बँक ऑफ…’ दिसे आणि ओळखीची खूण ज्या शब्दात आहे तोच शब्द नेमका गायब असे. धूप-अगरबत्तीच्या व्यापाऱ्याला दिलेले १८,५०० रुपये मी चालू खात्याऐवजी सासूबाईंच्या पेन्शन खात्यावर लिहिले आणि ते महिनाअखेरीस पासबुक घेऊन बसल्यावर लक्षात आले. बँकेतले पैसे जागेवरच होते, बिघडली होती ती माझी वही. पण सासूबाईंनी ‘माझ्या पेन्शनीतून एवढे कुणी काढले?’ असे विचारले, तेव्हा उत्तर सापडेपर्यंतचा अर्धा तास मला फार जड गेला.

नव्या आवृत्तीत ही यादी मुळापासून बदलली आहे आणि तो बदल मला मनापासून आवडला. आता ती चौकटीला चिकटून न उघडता पडद्याच्या तळातून वर सरकते, त्यामुळे फोन एका हातात धरून अंगठ्यानेच खाते निवडता येते. प्रत्येक खात्याला दोन ओळी आहेत: वर आपण ठेवलेले नाव ठळक अक्षरात, खाली बँकेचे नाव आणि खाते क्रमांकाचे शेवटचे चार अंक, आणि उजवीकडे शिल्लक. नाव आपले आपण ठेवता येणे ही वरवर लहान वाटणारी सोय आमच्या घरी फार मोठी ठरली. सासूबाईंचे खाते मूळचे देना बँकेतले. १ एप्रिल २०१९ रोजी ती बँक बँक ऑफ बडोदामध्ये विलीन झाली आणि पासबुकही बदलले, पण त्यांच्या तोंडी अजून देनाच आहे. यादीत आता ‘आईंची देना’ असे लिहिले आहे आणि त्या स्वतः न अडखळता त्यावर बोट ठेवतात.

ओळींची उंचीही पुरेशी आहे. बोटाने दाबायची जागा अँड्रॉइडवर किमान ४८ डीपी आणि आयफोनवर किमान ४४ पॉइंट (ही दोन्ही पडद्यावरची मापे मोजण्याची एकके) असावी, अशी त्या त्या कंपनीची शिफारस आहे. इथल्या दोन ओळींच्या नोंदी त्याहून सहज मोठ्या आहेत. दुपारी कुंकवाच्या पुड्या बांधताना करंगळी तेवढी कोरडी असते, तिनेही नेमके खाते लागते.

पहिली नोंद करताना चौकटीत कोणतेच खाते आधीपासून भरलेले नसते. ‘खाते निवडा’ एवढेच दिसते आणि निवडल्याशिवाय जतन करण्याचे बटण चालत नाही. त्यानंतर मात्र विक्रीच्या नोंदीसाठी मागच्या विक्रीचे खाते आणि घरखर्चासाठी मागच्या घरखर्चाचे खाते आपोआप पुढे येते. नोंदीच्या प्रकारानुसार वेगळे खाते लक्षात ठेवण्याची ही पद्धत मला योग्य वाटते, कारण सरसकट शेवटचेच खाते पुढे आणले असते, तर संध्याकाळची भाजी गल्ल्यातूनच गेली असती.

गल्ल्यातली रोकड बँकेत भरल्याची नोंद करताना ‘कुठून’ आणि ‘कुठे’ अशा दोन याद्या लागतात. पहिलीत निवडलेले खाते दुसरीत फिकट दिसते आणि त्याखाली ‘हे खाते वर निवडले आहे’ असे लिहिलेले असते. ते खाते यादीतून काढूनच टाकले असते, तर माझ्यासारख्या बाईला आधी खाते कुठे गेले याची धास्ती बसली असती. मुदत संपलेल्या पिग्मीचेही असेच विचारपूर्वक केले आहे: ते खाते ‘बंद’ केले की नव्या नोंदीच्या यादीत येत नाही, पण जुन्या नोंदींवर त्याचे नाव कायम राहते आणि मागचा हिशेब जुळतो.

शिल्लक यादीतच दिसावी की नाही, याबद्दल माझे मन अजून दुभागलेले आहे. पैसे कोणत्या खात्यातून द्यायचे हे ठरवताना ती समोर असणे सोयीचे आहे आणि आकडे १,२५,००० असे आपल्या पद्धतीने लिहिलेले असल्याने लाख-हजार मोजत बसावे लागत नाही. परंतु फोन काउंटरवर असतो आणि पलीकडे गिऱ्हाईक उभे असते. डोळ्याच्या चिन्हावर बोट ठेवले की आकडे झाकले जातात, हे चांगलेच आहे. मात्र ॲप बंद करून पुन्हा उघडले की ते परत उघडे पडतात. एकदा झाकलेले आकडे मी स्वतः उघडेपर्यंत झाकलेलेच राहायला हवेत, आणि हा दोष मला खरोखर गंभीर वाटतो. शिवाय ही शिल्लक आपल्या नोंदींवरून काढलेली आहे, बँकेकडून आलेली नाही, हे यादीत कुठेच लिहिलेले नाही. ‘वहीतील शिल्लक’ एवढे दोन शब्द पुरले असते.

यादीच्या माथ्यावरच्या शोधाच्या जागेत ‘महा’ लिहिले की चालू खाते लगेच येते, पण तेच इंग्रजी अक्षरांत लिहिले की काहीच सापडत नाही. आमच्या घरात अर्धी माणसे इंग्रजी कळफलकावरच लिहितात, तेव्हा दोन्ही लिप्यांत शोध चालणे आवश्यक आहे. माझे मामेभाऊ दृष्टिहीन आहेत आणि फोन टॉकबॅकवर, म्हणजे पडद्यावरचे वाचून दाखवणाऱ्या सोयीवर, ऐकून वापरतात. त्यांना मी ही यादी दाखवली तेव्हा खात्याचे शेवटचे अंक ४७१२ हे ‘चार हजार सातशे बारा’ असे वाचले गेले आणि लगेच पुढे शिल्लक आली, त्यामुळे त्यांना ती दोन्ही रकमाच वाटल्या. ‘चार, सात, एक, दोन’ असे सुटे अंक वाचले जाण्याची सोय ॲप करणाऱ्यांना अवघड नसावी.

शेवटचा दोष मराठी अक्षरांचा आहे. दुपारी सासूबाई गल्ल्यावर बसतात आणि त्यांच्या फोनवर अक्षरे सर्वांत मोठी ठेवलेली आहेत. उघडलेल्या यादीत सगळे नीट दिसते, कारण तिथे ओळ अक्षरांबरोबर वाढते. निवड केल्यावर ज्या चौकटीत नाव बसते तिची उंची मात्र ठरावीक आहे, आणि देवनागरीत अक्षराच्या वर वेलांटी आणि खाली उकार असतो, याचा विचार ती चौकट करताना झालेला नाही. ‘दुकान चालू’ हे माझे नाव तिथे खालून कापले जाऊन ‘दकान चाल’ असे दिसते. मी त्याचे छायाचित्र काढून ॲप करणाऱ्यांना पाठवले आणि पुढच्या आवृत्तीत चौकट वाढवू, असे त्यांचे उत्तर दोन दिवसांत आले. तोपर्यंत त्या खात्याचे नाव मी ‘पेढीचे करंट’ असे ठेवले आहे. त्यात एकही उकार नाही आणि सासूबाईंना ते पूर्ण वाचता येते.