सेन्सरी रूम निवडताना: दिव्यांची खोली, झोक्यांची खोली आणि घरातला कोपरा

सेन्सरी रूम म्हणजे उजेड, स्पर्श, आवाज, हालचाल अशा संवेदनांसाठी खास केलेली खोली. 'आमच्याकडे सेन्सरी रूम आहे' असं फोनवर सांगणाऱ्या दोन थेरपी केंद्रांत गेलात, तर दोन अगदी निराळ्या खोल्या बघायला मिळतील. एकीत अंधार, बुडबुडे वर चढणारी रंगीत बबल ट्यूब, फायबर ऑप्टिकच्या चमकत्या झिरमिळ्या, मऊ गाद्या, मंद संगीत. दुसरीत लख्ख उजेड, छताला टांगलेले झोके, जाड क्रॅश मॅट, बॉल पूल आणि घामेजलेली मुलं. आमचा मुलगा ऑटिस्टिक आहे, आता नऊ वर्षांचा. पुण्यात आम्ही दोन्ही प्रकार वापरले, शिवाय घरातही एक कोपरा केला. ज्यांचं अजून ठरत नाहीये, त्यांच्यासाठी हे लिहितोय.

या दोन खोल्यांचा उगमच वेगळा आहे. दिव्यांची खोली नेदरलँड्सची. 1970 च्या दशकात यान हुल्सेगे आणि आड फेरहुल या दोघांनी तीव्र बौद्धिक अक्षमता असलेल्या लोकांसाठी ती कल्पना रुजवली, तिला स्नूझलेन म्हणतात. तिथे काही 'करून घ्यायचं' नसतं. माणसाने आपल्याला आवडेल ते निवडायचं आणि निवांत व्हायचं. झोक्यांची खोली अमेरिकन ऑक्युपेशनल थेरपिस्ट (रोजची कामं जमावीत म्हणून मदत करणाऱ्या थेरपिस्ट) जीन एअर्स यांच्या सेन्सरी इंटिग्रेशनच्या, म्हणजे मेंदूने संवेदनांचा मेळ घालण्याच्या, विचारातून आली. तिथे मूल काम करतं. झोक्यावर पालथं झोपून समोरच्या टोपलीत रिंगा टाकायच्या, आणि थेरपिस्ट त्याच्याकडे बघत बघत झोक्याचा वेग, दिशा बदलत राहणार. म्हणून आधी हे ठरवावं की मुलाला आत्ता शांत होण्याची जागा हवी आहे, की अंगातली हालचालीची भूक भागवत काही शिकायची.

दिव्यांची खोली आमच्या मुलाला आवडली, हे आधी सांगतो. बबल ट्यूबला गाल लावून तो बसायचा, तिची थरथर गालावर घेत. अशा वेळी त्याचं हात फडफडवणं कमी व्हायचं. कार्डिफ विद्यापीठाचा एक अभ्यास 2022 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात 4 ते 12 वयाची 41 ऑटिस्टिक मुलं होती. उपकरणांचा ताबा मुलांकडे होता तेव्हा त्यांचं लक्ष जास्त टिकलं, पुन्हा पुन्हा होणाऱ्या हालचाली कमी झाल्या. त्यामुळे अशी खोली बघायला गेलात की रंग किती, दिवे किती हे मोजू नका. स्विच मुलाच्या हातात देतात का, ते बघा. बऱ्याच ठिकाणी रिमोट ताईंच्या हातात असतो आणि मूल नुसता प्रेक्षक होतं.

आम्हाला मात्र तिथली एक गोष्ट फार जड गेली, आणि आमचा निर्णय तिच्यावरच झाला. सेशन संपण्याची पद्धत. आमच्या मुलाला नव्या अंधारात रुळायलाच बराच वेळ लागतो. तो रुळायचा, अंग सैल सोडायचा, आणि तेवढ्यात दार उघडून ट्यूबलाइट लागायची. मोटर बंद झाली की बुडबुडे येणं थांबायचं. पॅसेजमध्ये पुढचं मूल आईचा हात धरून उभं असायचं. आमचा मुलगा कानांवर हात ठेवून जमिनीवर बसायचा, आणि आत मिळवलेली सगळी शांतता त्या पॅसेजमध्येच खर्च व्हायची. पुढे लिफ्ट, पार्किंग, कोथरूडचं ट्रॅफिक. दिवे हळूहळू वाढवता येतील का, असं आम्ही विचारलं. स्लॉटला स्लॉट लागून असल्याने जमत नाही, असं उत्तर आलं. प्रतीक्षा यादी लांब आहे, त्यांची अडचण खोटी नाही. पण ज्या मुलांना एका गोष्टीतून दुसरीत जाणंच सर्वांत कठीण, त्यांच्या खोलीत हे सांभाळलं जायला हवं, असं मला मनापासून वाटतं.

झोक्यांची खोली एका छोट्या केंद्रात मिळाली. दिसायला साधी. रंग उडालेल्या मॅट, लायक्राच्या ताणल्या जाणाऱ्या कापडाचा एकच झोका. पण तिथल्या ओटी (ऑक्युपेशनल थेरपिस्ट) ताई दोन मुलांमध्ये थोडा मोकळा वेळ ठेवतात. शेवटी वाळूचं घड्याळ समोर ठेवतात, झोका मंद करत आणतात, मग मुलाकडूनच मॅट उचलून भिंतीला लावून घेतात. ते जड काम झालं की तो स्वतःहून चपला घालतो. आईबाबांना आत बसू देतात, त्यामुळे काय चाललंय ते कळतं आणि घरी करता येतं. आमच्याकडे मोजमाप नाही, पण हल्ली तो केस कापायला खुर्चीवर बसतो. त्याचं श्रेय सगळं झोक्याला द्यावं का, हे सांगणं अवघड आहे, वयही वाढलंय. अमेरिकन अकॅडमी ऑफ पेडियाट्रिक्सनेही 2012 मध्ये म्हटलं होतं की या थेरपीवरचं संशोधन मर्यादित आहे. म्हणून उद्दिष्ट ठरवून घ्यावं आणि काही महिन्यांनी ते गाठलं जातंय का, हे थेरपिस्टसोबत बसून तपासावं.

घरातला कोपरा या दोन्हींची जागा घेत नाही, पण रोजच्या संध्याकाळी तोच उपयोगी पडतो. आमच्याकडे कपाट आणि भिंतीमधल्या जागेत गादी आहे, वर गडद पडदा, आजीची जड गोधडी, मसूर भरलेलं घमेलं. गोधडी मुलाला स्वतः बाजूला करता आली पाहिजे, आणि तोंडावर कधीच नको. झोका टांगणार असाल तर हुक काँक्रीटच्या स्लॅबमध्ये अँकर बोल्टने बसवून घ्या. पीओपीच्या छताला मुळीच नको. मूल झोक्यात असेपर्यंत मोठं माणूस शेजारी हवंच.

खर्चाचं थोडक्यात. 18 वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी जिल्हा रुग्णालयाच्या डीईआयसीमध्ये (मुलांच्या वाढीतल्या अडचणींवर लवकर उपचार करणाऱ्या सरकारी केंद्रात) सेवा मोफत असते, खासगीत जाण्याआधी तिथे जरूर चौकशी करा. नॅशनल ट्रस्ट या केंद्र सरकारच्या संस्थेच्या निरामय आरोग्य विमा योजनेत वर्षाला 1 लाखापर्यंतचं विमा कवच आहे आणि थेरपीसाठीही त्यात ठरावीक रक्कम मिळते. पावत्या जपून ठेवा.

तुमचं मूल आवाजाने, गर्दीने पटकन दमणारं असेल, किंवा त्याला फारशी हालचाल करता येत नसेल, तर दिव्यांची खोली कदाचित जास्त मानवेल. सतत उड्या मारणारं, सोफ्यावरून झेपावणारं, घट्ट मिठी मागणारं असेल तर मी झोक्यांकडे झुकेन, जोडीला घरचा कोपरा. फोन कराल तेव्हा फीबरोबर एवढं विचाराच: दोन स्लॉटमध्ये किती वेळ मोकळा ठेवता, आणि आम्हाला आत बसता येईल का.