‘न्यूयॉर्क रिव्ह्यू ऑफ सायन्स फिक्शन’: नऊ महिने वाचल्यावर

२०१९च्या पुरात वडिलांचे ‘नवल’ मासिकाचे सगळे जुने अंक गेले. सांगलीतलं नदीजवळचं घर, तळमजल्यावरचं कपाट. पाणी उतरल्यावर दार ओढलं तर आत नुसता लगदा. तेव्हापासून ‘घरात रद्दी साठवायची नाही’ हे बायकोचं फर्मान. म्हणून ‘न्यूयॉर्क रिव्ह्यू ऑफ सायन्स फिक्शन’ या विज्ञानकथांवरच्या अमेरिकी मासिकाचे अंक डिजिटल घेतले, आणि रोज जेवणानंतर अर्धा तास वाचतोय.

मासिक डेव्हिड हार्टवेल यांचं. पेशानं पुस्तकांचे संपादक, शिक्षणानं कोलंबिया विद्यापीठातून मध्ययुगीन साहित्यात डॉक्टरेट. पहिला अंक सप्टेंबर १९८८चा. इथे कथा शोधायला जाऊ नका. हे कथांवर बोलणाऱ्यांचं मासिक आहे. २०१२पर्यंत छापील निघायचं, पुढे डिजिटल झालं. हार्टवेल २०१६च्या जानेवारीत गेले. विज्ञानकथांसाठीच्या ह्युगो पुरस्काराच्या यादीत या मासिकाचं नाव वर्षानुवर्षं यायचं आणि बक्षीस बहुतेक वेळा ‘लोकस’ हे दुसरं मासिक घेऊन जायचं. या मासिकाला एकदाही मिळालं नाही. तरी पुढच्या महिन्याचा अंक तयार! मला तर याचंच जास्त अप्रूप वाटतं.

आवडलं काय, तर परीक्षण लिहिणारा घाईत नसतो. एका कादंबरीवर पानंच्या पानं. लेखकाची आधीची पुस्तकं काढून तो कुठे घसरला तेही सांगतात. आपल्याकडे परीक्षण म्हणजे बऱ्याचदा प्रस्तावनेची धाकटी बहीण. पहिले दोन महिने मला हा रोखठोकपणा उद्धटपणाच वाटला. आता सवय झाली, उलट गोडगोड परीक्षण वाचवत नाही.

त्रासही आहे. पान रकान्यांचं, त्यामुळे मोबाईलवर बोटानं ताणून ताणून डोळे जातात. टॅब घेतला तेव्हा कुठे जमलं. शिवाय वाचकानं पुस्तक वाचलेलंच आहे असं ही मंडळी धरून चालतात. इथल्या दुकानात त्यातलं एखादं मिळालं तर नशीब. काही लेख मी अर्ध्यात सोडले, खोटं कशाला बोलू.

‘रीड धिस’ हे सदर मात्र चुकवू नका. त्यात लेखक आपल्या आवडीची पुस्तकं सुचवतात. मी वहीत नावं उतरवत गेलो, चाळीसच्या वर झाली. तीन मागवली. कागदीच आली. वरच्या मजल्यावर ठेवलीत.