पाठलागाचा धोका ओळखण्याचे सत्र: जळगावातील एका समुपदेशन केंद्राचा अनुभव

सतत मागावर राहणाऱ्या माणसापासून नेमका किती धोका आहे, हे कसे ठरवावे, या विषयावर जळगावातील एका समुपदेशन केंद्राने घेतलेल्या सत्राला मी लेकीसोबत गेले होते. चोपडा, यावल, धरणगाव येथून एसटीच्या पासवर रोज ये-जा करणाऱ्या मुलींच्या घरी या प्रश्नाची बहुधा दोनच उत्तरे असतात: ‘दुर्लक्ष कर’, नाहीतर ‘कॉलेज बंद’.

माणूस किती भयंकर दिसतो हे बाजूला ठेवून त्याचे त्या मुलीशी पूर्वी काय नाते होते, हे येथे आधी विचारले जाते, आणि सत्राचे खरे मोल मला त्यातच वाटले. ऑस्ट्रेलियातील मनोविकारतज्ज्ञ पॉल मुलन व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये पाठलाग करणाऱ्यांचे पाच प्रकार मांडले. त्यांपैकी नाकारला गेलेला, म्हणजे पूर्वीचा नवरा किंवा मित्र, प्रत्यक्ष मारहाणीपर्यंत जाण्याची शक्यता अधिक असते. स्टँडवरच्या अनोळखी टोळभैरवाची भीती आपल्याला उगाच जास्त वाटते. आधीची मारहाण, जिवाचे बरेवाईट करून घेण्याची भाषा, घरात शिरण्याचा प्रयत्न आणि अलीकडे वाढलेला जोर, या खुणा एकत्र दिसल्या तर थांबू नये. नकार एकदाच, स्पष्ट द्यावा व त्यानंतर गप्प राहावे, कारण पन्नासावा फोन उचलला की पन्नास फोन केल्यावर उत्तर मिळते, एवढेच तो शिकतो. भाऊबंदांनी जाऊन दम देण्याची आपल्याकडची रीतही अशा माणसाला अधिक चिथावू शकते, हे ऐकून पुढच्या रांगेतले दोन काका अस्वस्थ झाले.

कायद्याचा भाग मात्र घाईत उरकला. भारतीय न्याय संहितेच्या कलम ७८ नुसार पहिल्या गुन्ह्याला तीन वर्षांपर्यंत कैद आहे, पण तो जामीनपात्र असल्याने आरोपी लवकर बाहेर येऊ शकतो. तेव्हा तक्रारीनंतरच्या पहिल्या काही दिवसांत मुलीने कोणत्या वाटेने, कोणासोबत जावे, याचे नियोजन तपशिलाने हवे होते. तारीख, वेळ, ठिकाण आणि साक्षीदार लिहिण्याच्या नोंदवहीचा मराठी नमुना दिला, तो उपयोगी आहे.

शुल्क नाही. वेळ संध्याकाळची असल्याने शेवटची एसटी गाठायला गावाकडच्या मुली अर्ध्यातून उठल्या. सत्र सकाळी ठेवावे आणि वडिलांनाही आवर्जून बोलवावे.